कणगीमागची रेघ

एका राज्यात एक नदी घोरत असे. दगडगोट्यांतून वाहताना तिचा आवाज दमून झोपलेल्या माणसासारखा येई, म्हणून लोक तिला घोरणी म्हणत. झोपलेल्याला कोण भितो? नगर तिच्या उशाशी सरकत सरकत अगदी काठाला टेकले होते.

खालच्या आळीत ठकूमावशी राहायची. कुणाच्या चुलीवर काय शिजते, कुणाची सून रुसली, कुणाच्या दाराची कडी अडते, सारे तिला ठाऊक. लोक म्हणत, "मावशीच्या आधी मावशीचे नाक घरात शिरते." तिच्या शेजारी, आळीच्या टोकाला, कान्हू कुंभार. म्हातारा, एकटा, ठार बहिरा. तीस वर्षांपूर्वी मावशी विधवा होऊन या आळीत आली, तेव्हा कुणी तिच्यासाठी दार उघडले नव्हते. कान्हूने मात्र भरलेला माठ तिच्या उंबऱ्याशी आणून ठेवला होता. तेव्हापासून रोज सकाळी मावशी आधी त्याच्या छपराकडे बघायची. तिथे धूर दिसला की मगच आपली चूल पेटवायची.

त्या साली सणाच्या तोंडावर नवल घडले. नदीच्या वाळूत अंडी घालणारी टिटवी राजवाड्याच्या गच्चीवर जाऊन बसली. प्रधान तिला हुसकावू लागला, तसा राजा सुधन्वा म्हणाला, "थांबा. पाखरा, वाळू सोडून इथे का?"

टिटवी मनुष्यवाणीने बोलली. "राजा, तिसऱ्या दिवशी घोरणी जागी होईल."

नगराचे पंच हसले. "या नगरात पूर कधी आलाच नाही. आमच्या आजोबांनीसुद्धा पाहिला नाही."

"पाहिला. पण विसरले."

टिटवीने हकीकत सांगितली. फार मागे पहिला पूर ओसरल्यावर एका मांत्रिकाने पाणी चढले तिथे घरोघर गेरूची रेघ ओढून दिली. "हिला जपा, ही तुम्हाला जपेल," म्हणाला. लोकांनी सणाला भिंती चुन्याने रंगवल्या आणि ओंगळ दिसते म्हणून रेघेवरही कुंचला फिरवला. मांत्रिक कोपला. "खूण पुसलीत, आठवणही पुसली जाईल!" तेव्हापासून दर साठ वर्षांनी पूर येई, माणसे नेई. सणाचा चुना वाळला की नगर सारे विसरे आणि नवे घर नदीकडे आणखी एक पाऊल बांधे.

आता कुणी हसेना. राजाने विचारले, "उःशाप?"

"तीन कामे. पुसलेली रेघ शोधून पुन्हा ओढ. जमिनीखालचे धान्य चढावर ने. आणि जो हाकेला येत नाही, त्याला वर आण. एक माणूस जरी खाली राहिला, तर शाप राहिला."

काय चाललेय ते बघायला मावशी गच्चीच्या दाराआड उभी होतीच. तिसरे काम ऐकले आणि तिने खालच्या आळीच्या टोकाकडे पाहिले. हाकेला न येणारा नगरात एकच होता.

पहिल्या कामाला राजाचे गवंडी लागले. भिंती खरवडल्या, चुन्यावर चुना निघाला, रेघ काही निघेना. मावशी पुढे झाली.

"महाराज, सणाला कणगी कोण हलवतं? धान्याने भरलेली असते. बायका तिच्या भोवतीनेच कुंचला फिरवतात."

"तुला कसे ठाऊक?"

"सगळ्यांच्या घरात डोकावलेय ना!"

थोरल्या पंचांच्या घरातली जुनी कणगी चौघांनी सरकवली. पंचीणबाई कुरकुरल्या, "अगं ठके, मागे जळमटं आहेत!" मावशी म्हणाली, "ती गेल्या सालीच पाहिलीत मी." जळमटांमागे बोटभर लाल रेघ होती. छातीइतक्या उंचीवर.

वरच्या आळीत अशा सात रेघा सापडल्या. गवंड्यांनी पाणसळ लावून, दोरी ताणून तीच उंची घरोघर नेली. गेरू कान्हूने दिला, टोपलीभर, काही न विचारता. मधल्या आळीत रेघ चौकटीवर गेली. खालच्या आळीत ती वळचणीला लागली. कान्हूच्या घराशी आली तर काढायला भिंतच उरली नाही. गवंडी त्याच्या दारातल्या कडुनिंबावर चढला आणि छपराच्या वर पुरुषभर उंचीवर त्याने खोडाला गेरू फासला. सगळे खाली उभे राहून वर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी नदीकाठचे राजपेव, जमिनीखालचे धान्याचे कोठार, उघडले. कोंदट हवा जाऊ दिली, मग माणसे उतरली. टोपली हातोहात चढ चढू लागली, थेट रंगमहालात. प्रधान म्हणाला, "फरशी मळेल."

"मळू दे की," मावशी म्हणाली. "उपाशी पोटी नाच कोण बघणार?"

राजाने जोडे काढले आणि रांगेत टोपली धरली.

तिसऱ्या दिवशी आभाळात ढग नव्हता. दवंडी पिटली आणि नगर चढाला लागले. कान्हू मात्र आपल्या आव्यापाशी. भांडी भाजत होती, आच धरली होती. शिपायांनी नगारा वाजवला, हातवारे केले. त्याने मान हलवली. आवा सोडला तर महिन्याची मेहनत कच्ची राहायची. शिपाई त्याला उचलू लागले तसा तो खांबाला मिठी मारून बसला.

मावशी घरात गेली. तीस वर्षांपूर्वीचा माठ तिने घेतला, नदीवर भरला आणि त्याच्या उंबऱ्याशी नेऊन ठेवला.

कान्हूने माठ ओळखला. हसला. पाणी प्यायला वाकला आणि थबकला. पाणी गढूळ होते. त्याने हात बुडवला, तळाचा गाळ बोटांत चोळला, जिभेला लावला. जन्मभर माती वाचलेला माणूस तो.

"ही इथली माती नव्हे," तो म्हणाला. "डोंगराची पिवळी. वर डोंगर सुटलाय."

उठला. पेटत्या आव्याकडे एकदा पाहिले, माठ खांद्यावर घेतला आणि मावशीच्या आधी चढाला लागला.

वाड्याच्या दाराशी प्रधानाने चिखलाच्या पायांकडे बघितले. राजा स्वतः पायऱ्या उतरून आला आणि कान्हूला हाताला धरून आत घेऊन गेला. दुपार कलता घोरणी जागी झाली. आवा गेला, खालची आळी गेली. पाणी कडुनिंबावर चढत चढत गेरूला टेकले आणि थांबले. माणूस एकही गेला नाही.

नगराने रंगमहालातले जोंधळे रांधून खाल्ले. मावशीने पहिली मूठ टिटवीपुढे ठेवली आणि पाखराला वाकून नमस्कार केला.

पाणी ओसरले, सण आला, भिंतींना चुना लागला. रेघ मात्र सगळ्यांनी उघडी ठेवली. चुना वाळू लागला तशी माणसे श्वास धरून बसली. मावशीने थोरल्या पंचांना विचारले, "दादा, कान्हूचा आवा कुठे होता?"

पंचांनी नदीकडे पाहिले. मग त्यांचे डोळे भरले. "पाण्याखाली, ठकू. पुरात गेला. आठवतंय मला!"

शाप फिटला.

राजाने आज्ञा केली: रेघेखाली चूल नको, दर सणाला कणगी हलवावी आणि रेघ उजळावी, आणि प्रत्येक आळीत एकाने रोज बघावे, कुणाच्या घरातून धूर निघाला नाही ते. हे काम पहिले मावशीला मिळाले. पंचीणबाई म्हणाल्या, "घ्या, आता नाक खुपसायला राजाज्ञा!" आणि तिच्या कपाळाला कुंकू लावायला हात पुढे केला, विधवा म्हणून मागे घेतला नाही.

मावशी आता रेघेच्या वर, चढावरच्या नव्या आळीत राहते, शेजारी कान्हू. पहिल्याच सकाळी तिने शेजारच्या छपराकडे पाहिले. धूर होता. चूल पेटवायला वळली, तर उंबऱ्याशी भरलेला माठ.

खाली नदी पुन्हा घोरू लागली आहे. झोपू दे तिला. रेघ जागी आहे.