हॉलिसचं सुतक

“...आणि मग मला रडू येतं. दर वेळी येतं. बुवा, हे रडणं खरं की खोटं?”

एल्डन प्रुइटनं विचारलं आणि तो उत्तराची वाट बघत बसला.

पौषातली सकाळ. नर्मदेच्या घाटावर चिंतामणबुवा ऊन खात बसले होते. एकेकाळी ते इंदूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, त्यामुळं भाषेची अडचण नव्हती. एल्डनला खुपत होतं ते वेगळंच. तो कोण, हे बुवांनी आठवडाभरात एकदाही विचारलं नव्हतं.

“तुम्ही माझं काही वाचलंय?”

“नाही.”

“एकही पुस्तक नाही?”

“डोळे अधू झालेत. तुम्हीच सांगा. ऐकतो.”

मग एल्डननं सांगितलं. नेब्रास्कातल्या सीडर बेंड गावच्या शेतकऱ्याचा तो धाकटा मुलगा. शिकागोच्या वर्तमानपत्रात बातम्या लिहिता लिहिता एक कादंबरी लिहून बसला आणि बघता बघता देशभर नाव झालं. सिनेमा निघाला. शाळेतली पोरं ती अभ्यासाला वाचू लागली. पुढं कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या आल्या, बक्षिसं आली, दोन बायका आल्या आणि गेल्या. पण जो तो विचारायचा ते पहिलीबद्दलच. तिच्यातल्या एका प्रकरणाबद्दल.

“तेवढंच सांगा,” बुवा म्हणाले.

हे त्यानं किती सभागृहांत सांगितलं होतं! आवाज कुठं उतरवायचा, पाण्याचा घोट कुठं घ्यायचा, सगळं अंगवळणी पडलेलं.

गोठलेली नदी. दोघं भाऊ. धाकट्याच्या पायाखालचं बर्फ फुटतं. थोरला हॉलिस पालथा पडून सरकत येतो, त्याला बाहेर ढकलतो... आणि स्वतः खाली जातो. बर्फावर राहतो एक हातमोजा. बाप वसंत येईपर्यंत रोज काठानं चालत राहतो.

एल्डन थांबला. त्याचे डोळे भरून आले होते. अशा वेळी सभागृहात कुणीतरी हुंदका द्यायचंच.

बुवा उठले. अंगावरच्या शालीसकट पायऱ्या उतरले आणि त्यांनी नदीत बुडी मारली. वर आले ते दातावर दात आपटतच.

“बुवा! हे काय?”

“बातमी कानावर आली. अंघोळ नको करायला?”

“कसली बातमी?”

“तुमचे बंधू गेले ना?”

एल्डन गोंधळला.

“पण... तो गेला नाही. ते कादंबरीत.”

“म्हणजे?”

“नदी खरी. बर्फ फुटलं तेही खरं. हॉलिसनं मला ओढून काढलं. मग आम्ही दोघं चालत घरी गेलो. आईनं शेकोटीपाशी बसवून गरम दूध दिलं... बस. त्यात गोष्टच नव्हती.”

“मग?”

“मग मी त्याला बुडवला.”

बुवांच्या दाढीतून पाणी ठिबकत होतं.

“पुस्तक आलं तेव्हा त्याचा फोन आला होता,” एल्डन म्हणाला. “एवढंच म्हणाला... मी तुला वर काढलं होतं, एल्डन. आणि फोन ठेवून दिला.”

“तुम्ही केलात का पुन्हा फोन?”

“...नाही.”

“मग आता रडता कुणासाठी?”

“तेच तर विचारायला आलोय!” एल्डनचा आवाज चढला. “लोक त्या काठावर फुलं ठेवतात, बुवा. गावातच त्याचं ट्रॅक्टरदुरुस्तीचं दुकान आहे. तो दारातून बघत असेल. आणि मला... मला तो हातमोजा लख्ख दिसतो. माझ्याबरोबर घरी चालत आलेला हॉलिस आठवायला जातो, तर त्याला चेहराच नाही.”

बोलता बोलता त्याला शरम वाटली. समोर एक म्हातारा माणूस थंडीनं कुडकुडत होता, तो याच्या एका प्रकरणापायी. त्यानं आपला कोट काढून बुवांच्या खांद्यावर घातला.

“उगाच भिजलात हो. माफ करा. तो जिवंत आहे.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी म्हणजे? मला माहीत आहे.”

“शेवटचे कधी भेटलात?”

“पुस्तक यायच्या आधी.”

“त्यानंतर कुणाकडून कळलं?”

एल्डननं तोंड उघडलं. दुकानाच्या दारात उभा असलेला हॉलिस त्याला दिसत होता... काळे केस, ग्रीसनं माखलेले हात, चाळिशीतला. पण तो तर आपल्याहून मोठा. आणि आपण सत्तरी ओलांडली. मग हा दारातला कोण?

बुवांनी धोतराचा ओला सोगा पिळला.

“मग तो जिवंत आहे, हे तुम्ही कोणत्या पुस्तकात वाचलंत?”