भैरू लोहाराची साथ

एका गावात भैरू नावाचा एक भोळा लोहार होता. हाताचा पक्का, पण सांगितलेल्या शब्दाच्या पलीकडे कधी जायचा नाही. जे सांगाल ते, जसं सांगाल तसं.

एका मंगळवारी सकाळी तो विळ्यांना धार लावत बसला होता. पाच विळे झाले होते, दोन राहिले होते. तेवढ्यात त्याच्या सासुरवाडीचा एक माणूस सायकलवरून आला. खाली उतरला, टोपी काढली आणि म्हणाला, "भैरूदादा, तुझी सासू गेली."

"कुठं?" भैरूनं विचारलं.

माणसानं हातातली टोपी चुरगळली. मग म्हणाला, "देवाघरी."

"मंगळवारी देवळात गर्दी असते," भैरू म्हणाला. "दुपारपर्यंत येतील. बस, चहा घे."

मग आत जाऊन त्यानं बायकोला सांगितलं, "अगं मंजुळा, आई देवळात गेल्यात. सांगायला माणूस आलाय."

मंजुळेनं दारातून त्या माणसाच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती होती तिथंच खाली बसली. तेव्हा भैरूला कळलं.

सासूला मंजुळेशिवाय कोणी नव्हतं. त्यामुळे तेरावा झाल्यावर सासूची पेटी भैरूच्या घरी आली. या पेटीवर ती दर एकादशीला एक भजन म्हणायची. चार कडव्यांचं. दुसरं तिला येत नव्हतं आणि नकोही होतं.

मंजुळा म्हणाली, "वर्षश्राद्धाला मी आईचं भजन म्हणणार. चारही कडवी. तुम्ही पेटी शिका."

"मी? पन्नाशीला?"

"भाता येतो ना तुम्हाला? मग निम्मी पेटी आलीच की."

भैरूला ते पटलं.

देवळातला हरबा गुरव पेटी वाजवायचा. तो शिकवायला आला. भैरूनं बैठक मारली आणि भट्टीचा भाता मारतात तसा पेटीचा भाता मारला. पेटी अशी किंचाळली की गल्लीतली कुत्री पळाली.

"अरे, हळू!" हरबा म्हणाला. "भाता असा मारायचा की शेजारी झोपलेलं मूल उठता कामा नये."

"बरं," भैरू म्हणाला, आणि विसरू नये म्हणून उपरण्याला गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी तात्या मोरे नांगराचा फाळ घेऊन आले. भैरू भट्टीचा भाता इतका हळू मारू लागला की विस्तव विझायला आला.

"भैरू, काय चाललंय?"

"मूल उठेल, तात्या."

"कुणाचं मूल? तुझा विस्तव झोपला की! लोखंड आधी तापवायचं. लालभडक झालं की मगच हात लावायचा. हे मी तुला सांगायचं?"

"बरं," भैरू म्हणाला, आणि दुसरी गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी त्यानं पेटी उन्हात मांडली आणि समोर बसला. दुपार टळली तरी बसलाच होता. हरबा आला.

"काय करतोस रे?"

"लाल व्हायची वाट बघतोय."

हरबानं पेटी उचलून सावलीत नेली. एक फळी तडकली होती. "अरे शहाण्या, हे लोखंड आहे का? पेटीला बोट नुसतं टेकवायचं. पिसासारखं. टेकवलं की उचललं."

"बरं," भैरू म्हणाला. तिसरी गाठ.

त्यानंतर रावबा धनगरानं बैल आणला, पायाला नाल ठोकायला. भैरूनं खिळ्यावर हातोडी नुसती टेकवली. टेकवली की उचलली. बैल ओढ्यापर्यंत पोचला, नाल भैरूच्या अंगणातच राहिली.

रावबा तसाच परत आला. "गाढवा, घट्ट बसव की! एकदा बसलं की जागचं हलता कामा नये!"

"बरं." चौथी गाठ.

त्या दिवसापासून भैरूनं पेटीवर एक पट्टी घट्ट दाबली आणि बोट हलवलं नाही. आठ दिवस एकच सूर. मंजुळा भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "अहो, दुसरा सूर नाही का त्यात?"

"आहेत पुष्कळ. पण हा बसलाय."

हरबानं कपाळाला हात लावला. "आठ दिवस एकाच जागी? अशानं प्रगती कशी व्हायची? सोंगटीसारखं रोज एक घर पुढं सरकायला पाहिजे, भैरू!"

"एवढंच ना?" भैरू म्हणाला, आणि पाचवी गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी तो पेटी घेऊन शेजारच्या घराच्या ओट्यावर जाऊन बसला आणि तोच सूर तासभर वाजवला. तिसऱ्या दिवशी त्याच्या पुढच्या घरी. मग त्याच्या पुढच्या. गावात दोनशे साठ घरं होती. कुणी पाट दिला, कुणी चहा दिला. एका घरी म्हैस नुकतीच व्याली होती, तिथं त्याला हाकललं. तर तो दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच आला, कारण घर राहिलं होतं. हेडमास्तरांचं घर माडीचं, म्हणून तिथं तो दोन दिवस बसला, एक दिवस खाली आणि एक दिवस वर.

"शिक्षण कुठवर आलं?" लोक विचारायचे.

"मारुतीच्या पारापर्यंत," भैरू सांगायचा.

वर्षश्राद्धाला आठ दिवस राहिले तेव्हा तो घाम पुसत घरी आला. "मंजुळा, झालं शिकून! गाव संपलं!"

"वाजवा बघू."

भैरूनं तोच सूर वाजवला. मंजुळा त्याच्याकडे बघत राहिली. रागवायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "आई ह्याच सुरात भजन सुरू करायची. एवढा धरलात तरी मला पुरे."

हरबानं शेवटचा धडा दिला. "आता साथ. साथ म्हणजे मंजुळेच्या मागं राहायचं. पुढं जायचं नाही. ती करेल तसं करायचं. आणि काही झालं तरी तिला एकटं सोडायचं नाही."

"बरं," भैरू म्हणाला. गाठ मारायला उपरण्याला आता टोक राहिलं नव्हतं. त्यानं ते नुसतंच लक्षात ठेवलं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी सगळं गाव अंगणात बसलं. मंजुळा पुढं बसली. भैरू तिच्या अगदी पाठीमागं, कुणाला दिसणार नाही असा. तिनं सूर लावला, त्यानं धरला. पहिलं कडवं झालं. ती खाकरली, भैरू खाकरला. दुसरं झालं. ती पाणी प्यायली, भैरू तोच तांब्या घेऊन पाणी प्यायला. तिसरं इतकं चांगलं झालं की तात्या मोऱ्यांनी मान हलवली.

चौथ्याला तिचे डोळे भरून आले. ती थांबली. भैरू थांबला. तिनं पदरानं डोळे पुसले, त्यानं बाहीनं पुसले. ती उठली आणि कुणाकडे न बघता आत गेली.

भैरूनं पेटी काखेत मारली आणि तिच्या मागोमाग आत गेला.

चुलीपाशी भिंतीकडे तोंड करून ती रडत होती. तोही भिंतीकडे तोंड करून रडू लागला. आधी नुसती साथ होती. मग त्याचं त्यालाच आलं.

मंजुळेनं वळून पाहिलं. "अहो, तुम्ही कशाला आलात आत?"

"साथीला."

"आणि पेटी?"

"ती पण साथीलाच."

मंजुळा हसली. भैरू हसला. ती आणखी हसली, मग तो आणखी. तिला हसू आवरेना, आणि ती हसतेय तोवर त्याला आवरायची परवानगी नव्हती.

बाहेर हरबानं हाक मारली, "मंजुळाबाई, चौथं कडवं!"

आतून दोघांचं हसणं तेवढं ऐकू आलं. लोक बराच वेळ बसले. भात गार होऊ लागला, तेव्हा उठून पानावर बसले. चौथं कडवं त्या दिवशी म्हणायचं राहून गेलं.