बिनरसायनाची डबी

अकोल्याच्या एका प्रदर्शनात पांढरा कोट घातलेला विक्रेता सनस्क्रीनच्या डब्या खपवत होता. "शंभर टक्के नैसर्गिक! यात एक जरी रसायन दाखवलंत, तर सगळा माल इथेच सोडून जाईन," असं तो गरजत होता. मी एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला गावंडे मास्तर, आणि तरीही दोन डब्या हातात धरून मान डोलावत होतो.

एवढ्यात वाहतूक पोलिसातली एक तरुणी आली. दिवसभर चौकात उभं राहून तिचे गाल भाजले होते आणि कसल्याशा सुगंधी क्रीमने त्यावर पुरळ उठलं होतं.

"दादा, यात एकही रसायन नाही?" तिने विचारलं.

"एकही नाही!"

"मग डबी रिकामीच असणार. साधं पाणीसुद्धा रसायन असतं."

लोक हसले. विक्रेता चिडला. "अहो ताई, यात शुद्ध खनिज आहे, खनिज!"

तिने डबीमागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचली. "झिंक ऑक्साइड. म्हणजे रसायनच की! ऊन अडवायला मला तेच हवंय. पण खाली सुगंध लिहिलाय, तो नको. बिनवासाची डबी द्या. माल सोडून जायचं तेवढं माफ."

त्याने तशी डबी काढून दिली. मीही माझ्या दोन्ही डब्या हळूच परत ठेवल्या आणि तिला म्हणालो, "शाब्बास! कुठे शिकलात हो हे?"

"तुमच्याच वर्गात, सर. बारावीच्या सराव परीक्षेत चौतीस मार्क देऊन तुम्ही मला नापास केलं होतंत."