सरळ रेघांची फळी

फार वर्षांपूर्वी बंदुकांच्या एका कारखान्यात अक्रोडाच्या दोन फळ्या शेजारी पडल्या होत्या. एकीच्या अंगावर पाण्यासारख्या लाटा, दुसरीवर नुसत्या सरळ रेघा.

"तुझा कसला बंदुकीचा दस्ता होतोय गं! तू भटारखान्याच्या चुलीत जाणार," लाटावालीनं टोमणा मारला. साधी फळी धास्तावली.

गेनू मिस्त्री आले. लाटांवरून त्यांनी कौतुकानं हात फिरवला आणि तिला बाजूला ठेवलं. "बाईसाहेब, तुमचं दागिन्यांच्या पेटीला झाकण करू. मुठीपाशी रेघ वाकडी असली, तर गोळीच्या धक्क्यानं दस्ता चिरतो."

मग त्यांनी साधीला रंध्याखाली घेतलं. तिनं सुटकेचा श्वास सोडला, तर शेजारूनही तसाच श्वास ऐकू आला. चुलीची भीती लाटावालीलाही होतीच की!