नळाचा दादा

घरातल्या वस्तू एकमेकींशी बोलायच्या, तेव्हाची गोष्ट. कावळा घराच्या विम्याचा कागद घेऊन आला. "नाव लिहा, मोडलात तर दुरुस्ती माझ्याकडे!" कौलं, दार, अगदी फाटकं पायपुसणंही धावलं.

"अंगणाखाली कुणी आहे का?" कावळ्यानं विचारलं.

खाली नळाचा थोरला भाऊ, पाइप, पुरलेला होता. चकचकीत नळाला त्या मातकट दादाची लाज वाटायची. तो म्हणाला, "छे, तिथे नुसती गांडुळं!"

पुढे चिंचेच्या मुळानं पाइप फोडला. नळ कोरडा पडला.

"कावळेमामा, माझ्या दादाला वाचवा हो!"

कावळ्यानं कागद पाहिला. "इथे गांडुळं लिहिलीत. ती ठणठणीत आहेत."

दादा भंगारात गेला, नवा पाइप आला. पण पाणी येण्याआधी नळ अजूनही खरखरतो. तो विचारतो, "दादा, आहेस ना खाली?"