मुक्या सुताराची उंडी

वेळसुंड्याची खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथे किल्ल्याच्या ढासळलेल्या बुरुजाखाली एक जुनी उंडी उभी आहे. या झाडाच्या सावलीत चार-सहा माणसे बसतील एवढी मोकळी जागा आहे. तिथे शेंदूर फासलेला दगड नाही, चिरा नाही, झेंडा नाही, चादर नाही. पाहुणे इकडेतिकडे बघतात आणि विचारतात, "इथे आहे काय?" अब्बासचाचा होडेकरांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या या खाडीत होडी चालवली. ते चपला काढून खाली बसतात आणि म्हणतात, "बसा. सांगतो." ते सांगतात ते असे.

किल्ल्यावर न्यायनिवाडा करणारा हवालदार नांदत होता आणि खाडीच्या तोंडाशी विलायती व्यापाऱ्यांची वखार होती, त्या काळची ही गोष्ट. वखारीत नरसू शेणवी नावाचा दुभाष्या होता. मोठा गोड माणूस. वखारीचा साहेब चिडून चार शब्द बोलला, की हवालदाराच्या कानी पडेपर्यंत त्याची विनंती झालेली असे, आणि हवालदाराची शिवी साहेबाकडे जाताना तिचे आर्जव होई. दोन्हीकडचे कडू तो आपल्या जिभेवर ठेवून घेई. त्यामुळेच बंदर सुरळीत चालले आहे, असे तो मानत असे, आणि त्यात फारसे खोटे नव्हते.

एका वर्षी जहाजाने एका सुताराला इथे उतरवून दिले. नाथन त्याचे नाव. कामाला वाघ, पण जहाजावरच्या तोफांचे गाडे दुरुस्त करायला त्याने नकार दिला, म्हणून कप्तानाने त्याला वखारीची पिंपे सांधायला टाकले. तो ज्या पंथाचा होता त्या पंथाच्या लोकांना त्यांच्या मुलखात चिडवून क्वेकर म्हणत, म्हणजे थरथर कापणारे. ते स्वतःला नुसते मित्र म्हणवत. त्यांच्यात पुरोहित नव्हता, घंटा नव्हती, तीर्थप्रसाद नव्हता. ते एकत्र येऊन गप्प बसायचे. कुणाच्या आत काही उजाडले तर त्याने उठून बोलायचे, मग तो पुरुष असो की बाई. नाहीतर तसेच उठून घरी जायचे. यासाठी तिकडे त्यांना फटके बसत, तुरुंगात डांबत. नाथनच्या पाठीवर त्याचे वळ होते, असे सांगतात.

इथे त्याच्यासोबत बसायला त्याच्या पंथाचे कोणी नव्हते. संध्याकाळी काम संपले की तो उंडीखाली एकटाच बसे. गावाने त्याला मुका सुतार नाव ठेवले.

मुका मात्र तो नव्हता. नरसूकडून तो भाषा शिकला. एका माणसाशी बोलताना कोणता शब्द वापरायचा, हे त्याने पहिल्यांदा विचारले. नरसूने तू, तुम्ही, आपण, सगळे समजावून सांगितले. नाथनने त्यातला एक शब्द उचलला आणि बाकीचे तिथेच सोडून दिले. पाणी भरणाऱ्या बाईलाही तू, साहेबालाही तू, नरसूलाही तू. साहेबासमोर डोक्यावरची टोपीसुद्धा काढायचा नाही. साहेबाला त्या टोपीचा भारी संताप यायचा. नरसूला गंमत वाटायची, कारण किल्ल्यावर पागोटे काढून गेलेल्या माणसाला बेअदब म्हणून हाकलून देत.

वखारीचा पाद्री काही वाईट माणूस नव्हता. शिकलेला होता, आजाऱ्यांकडे जाऊन बसायचा. पण नाथनशी त्याचे रोज वाजायचे. एकदा पडवीत दोघांचे चांगलेच जुंपले. नरसू जवळच होता.

पाद्री म्हणाला, "देवाचा शब्द ग्रंथात आहे. तुला ग्रंथ पुरत नाही का?"

"ज्या उजेडात ग्रंथ लिहिला गेला, तो उजेड अजून विझलेला नाही," नाथन म्हणाला. "तो तुझ्यात आहे. ग्रंथ कधी न पाहिलेल्या या नरसूतही आहे."

"मग ज्याला जे सुचेल तो देवाचा आवाज? तुमच्यातल्याच एकाने स्वतःला देवाचा पुत्र म्हणवून घेतलं, बायाबापड्या त्याच्या घोड्यापुढे गात चालल्या. तोही उजेडच होता का?"

 नाथन म्हणाला, "तो चुकला. एकट्याचा उजेड फसवतो. म्हणून आम्ही एकत्र बसतो. इथे मी एकटा आहे, त्याची मला भीती वाटते."

पाद्री आत निघून गेला. नरसूने मात्र नंतर विचारले, "तो उजेड महारवाड्यातल्या माणसातही आहे म्हणतोस?"

"तेवढाच आहे."

नरसूला हे आवडले नाही. त्या दिवशी घरी जाऊन त्याने आंघोळ केली, तरी ते बोलणे काही धुतले गेले नाही.

पुढे वैशाख आला. पावसाळ्याआधी जहाज निघायचे होते. दोन खलाशी किनाऱ्यावर माडी पिऊन परत निघाले. त्यांना जहाजावर सोडायला याकूब तांडेलाने होडी काढली. हा याकूब अब्बासचाचांचा पूर्वज. सूर्य अजून पुरता बुडाला नव्हता. भर खाडीत एक खलाशी उभा राहून गाऊ लागला, तोल जाऊन पडला आणि ओढीत सापडला. याकूबने मागोमाग उडी घेतली. दम संपेपर्यंत बुड्या मारल्या, पण हाती काही लागले नाही. दुसरा खलाशी जहाजावर गेला तो कप्तानाच्या चाबकाला भिऊन सांगत सुटला, की होडीवाल्याने भाड्यासाठी भांडण काढले आणि वाशाने माझ्या सोबत्याला ढकलले. ग्रंथावर हात ठेवून त्याने तशी शपथ घेतली. मोसम टळत होता म्हणून जहाज निघून गेले. शपथ मागे राहिली.

वखारीने याकूबला किल्ल्यावर कैद करवले आणि हवालदाराकडे त्याचा जीव मागितला. नाहीतर वखार उचलून दुसऱ्या बंदरात नेऊ, असा निरोप होता. तो निरोप नरसूनेच पोचवला. त्यात साखर घालायला त्याला कुठे जागा सापडली नाही.

घडले ते उंडीखाली बसलेल्या नाथनने सगळे पाहिले होते. त्याने आपण होऊन किल्ल्यावर जाऊन सांगितले. हवालदार म्हणाला, "उद्या सदरेवर ये आणि शपथेवर सांग. तुझ्या ग्रंथाची घे, नाहीतर आमचा बेलभंडार उचल. मला दोन्ही सारखे."

आणि तिथेच सगळे अडले. क्वेकरांना शपथ वर्ज्य होती. हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही. त्यापलीकडे देवाला साक्षीला ओढायचे नाही, अशी त्यांची शिकवण. त्यापायी कित्येकांनी घरेदारे गमावली होती.

त्या दुपारी याकूबची बायको अमीना वखारीच्या मागच्या दाराशी आली. कडेवर मूल होते. ती नाथनला म्हणाली, "बाबा, बेलाचं पानच तर उचलायचंय. खोटं सांगा असं कोण म्हणतंय? खरंच सांगा, पण पान उचलून सांगा."

 नाथनचे हात कापायला लागले. मग खांदे, मग सगळे अंग. अमीना घाबरून मागे सरली. थरथरणारे हे नाव या लोकांना का पडले, ते जवळच उभ्या असलेल्या नरसूला तेव्हा कळले.

पाद्रीही तिथे आला. या वेळी त्याच्या बोलण्यात भांडण नव्हते. "तुझा हात स्वच्छ राहावा म्हणून एका निरपराध माणसाची मान जाणार. याला धर्म म्हणतोस? मला तर हा नुसता गर्व दिसतो."

"तू म्हणतोस ते खरं असेल," नाथन म्हणाला. "मला रात्रभर तुझ्या या बोलण्यासोबत बसू दे."

दुसऱ्या दिवशी सदर भरली. नाथन मुजरा न करता उभा राहिला. पाहिले ते त्याने आपल्या भाषेत सावकाश सांगितले. नरसू त्याचा मराठीत उलथा करून सांगत गेला. सांगून झाले तेव्हा हवालदाराने विचारले, "शपथेवर?"

नाथनने मान हलवली आणि आपल्या भाषेत दोन वाक्ये बोलला. नरसूने अमीनाकडे पाहिले. आयुष्यभर त्याने जे केले, तेच या वेळीही करायचे ठरवले. तो म्हणाला, "सरकार, तो म्हणतो, मी देवाला स्मरून शपथ घेतो."

सदर सैल झाली. कारकुनाने लेखणी उचलली. तेवढ्यात नाथन आपल्या मोडक्या मराठीत म्हणाला, "शपथ नाही."

 नाथन नरसूकडे वळला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, असे सांगतात. "नरसू, तू दयेनं केलंस," तो म्हणाला. "पण आता माझं खरंही खोटं होईल."

हवालदार संतापला. "एकाची शपथ आहे आणि याचा नुसता शब्द. मी काय तोलू? शपथ घ्यायला भितो, म्हणजे हा खोटा."

"मी आज शपथ घेतली," नाथन म्हणाला, "तर एरवी मी खोटं बोलतो असं होईल. ज्यानं शपथ घेतली, त्यानं खोटं सांगितलं. पण तांडेलाची मान माझ्या हट्टासाठी जाऊ नये, हे पाद्री म्हणाला ते खरं आहे. म्हणून त्याला सोड आणि मला ठेव. माझा शब्द खोटा ठरला, तर त्याला जे करणार होतास ते मला कर."

हे बोलणे नरसूने जसेच्या तसे सांगितले. हवालदारालाही त्याने तूच म्हटले.  क्वेकरांच्या मुलखातही असेच घडत असे म्हणे. तुरुंगात खितपत पडलेल्या सोबत्यांच्या बदल्यात आम्हाला आत घ्या, म्हणत ते राजदरबाराच्या दाराशी जाऊन उभे राहत.

जहाज परत येईपर्यंत सुतार कोठडीत राहील आणि तांडेल मोकळा, असा निवाडा झाला.

कोठडी खाडीच्या अंगाला होती. पावसाळ्यात तिच्या भिंती पाझरत. अमीना रोज पेज आणि भाजलेला बांगडा घेऊन जायची. तो जेवेपर्यंत दाराबाहेर बसून राहायची. तिला त्याची भाषा येत नव्हती, त्याला तिची थोडीफार येत होती, पण दोघे बोलत नसत. याकूब दोनदा दाराशी जाऊन म्हणाला, "मला आत टाका, त्याला सोडा." नाथनने ऐकले नाही. नरसूने वखारीचे काम सोडले होते. तोही येऊन बसे. पहिल्यांदा तो अमीनापासून हातभर अंतर राखून बसायचा. श्रावणात ते अंतर उरले नव्हते, असे अब्बासचाचा सांगतात.

नाथनला ताप भरला तो उतरेना. नरसू हवालदाराकडे गेला, पाद्रीही गेला. हवालदाराने वैद्य पाठवला, पण फार उशीर झाला होता. शेवटच्या दिवशी अमीना आणि याकूबही दाराशी बसले होते, तेव्हा नरसूने विचारले, "तुला आत काही दिसतं का? उजेड?"

 "नाही," नाथन म्हणाला. "काही दिवस झाले, दिसत नाही. पण तुम्ही तिघं बसलेले दिसता." मग थोड्या वेळाने म्हणाला, "माझ्यावर दगड ठेवू नका. दगड आला की त्यातला मोठा कोण, लहान कोण, सुरू होतं."

त्याला कुठे ठेवायचे हाही प्रश्न पडला. त्याने कधी पाद्रीचा प्रसाद घेतला नव्हता, म्हणून वखारीच्या दफनभूमीत त्याला जागा नव्हती. याकूबच्या जमातीतले लोक म्हणाले, हा आपल्यातला नव्हे. नरसूच्या घरी तर हा विषयच नको होता. शेवटी तो बसायचा तिथेच, उंडीखाली, याकूब आणि नरसूने खड्डा खणला. शेणव्याच्या पोराने मातीला हात लावला म्हणून नरसूला पंगतीतून उठवले ते कायमचे. पाऊस लागला होता. पाद्री वर वाटेवर उभा होता. तो खाली आला नाही, पण शेवटची माती पडेपर्यंत टोपी हातात धरून भिजत राहिला.

कार्तिकात जहाज आले. तो खलाशी वाळूवर उतरला आणि कोणी काही विचारायच्या आत साहेबापुढे रडू लागला. माझा सोबती आपणच पडला, म्हणाला, होडीवाल्याने त्याच्यासाठी उडी घेतली. समुद्रावर त्याला झोप येत नव्हती. साहेबाने नवा दुभाष्या सोबत देऊन त्याला किल्ल्यावर पाठवले. हवालदाराने सगळे ऐकले आणि विचारले, "हे शपथेवर सांगतोस?" प्रश्न तोंडातून गेला आणि तो थांबला. नवा दुभाष्या उलथा करू लागला, त्याला त्याने हाताने गप्प केले.

मग हवालदार किल्ल्यावरून पायी खाली आला. उंडीखाली याकूब, अमीना आणि नरसू बसले होते. कोणी उठून मुजरा केला नाही. तो जरा वेळ उभा राहिला आणि मग तोही खाली बसला. जाताना एवढेच म्हणाला, की यापुढे वेळसुंड्याच्या माणसाला सदरेवर बेलभंडार उचलायला लावू नये.

नरसू म्हातारा होऊन वारला. तो पुन्हा दुभाष्या झाला नाही. रोज संध्याकाळी मात्र उंडीखाली जाई. तिथे बसून त्याला काय मिळाले, हे त्याने कोणाला सांगितले नाही. होडीवरून हाळी देणाऱ्या याकूबचा आवाज त्या वर्षानंतर बसला तो पुन्हा पूर्वीसारखा उघडला नाही, असे म्हणतात.

किल्ला पडला, वखारीच्या जोत्यावर करवंदी वाढली. आजही वेळसुंड्यात तंटा झाला तर साक्षीदाराला कोणी शपथ घालत नाही, लेकराच्या डोक्यावर हात ठेवायला सांगत नाही. त्याला उंडीखाली आणतात, सगळे गप्प बसतात, आणि मग तो हो किंवा नाही म्हणतो. लोक इथे खोटे बोलत नाहीत असे नव्हे, अब्बासचाचा म्हणतात, बोलतात. आणि आजही गावातला कोणी तालुक्याच्या कोठडीत अडकला, मग तो कुठल्याही जातीचा असो, दोषी असो वा नसो, तर त्याच्यासाठी पहिला डबा होडेकरांच्या घरून जातो. घेऊन जाणारी बाई तो जेवेपर्यंत बाहेर बसून राहते.