न लिहिलेला परवाना

एकदा एक वृद्ध संगणकतज्ज्ञ शहरातली मोठी नोकरी सोडून आपल्या गावी परतले आणि घराच्या माडीवर चार-पाच शिष्यांना प्रोग्रॅम लिहायला शिकवू लागले. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांपैकी एका शिष्याच्या धाकट्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नव्हते. ती ओठांवरून बोलणे ओळखे. पण बाई फळ्याकडे वळल्या की ओठ दिसेनासे होत आणि धडा तिच्या हातून निसटे. म्हणून या भावाने वर्षभर खपून एक प्रोग्रॅम लिहिला होता. बाई बोलतील ते फळ्याशेजारच्या इलेक्ट्रॉनिक पडद्यावर अक्षरांत उमटावे, एवढेच त्याचे काम.

असे पडदे बनवणारा एक व्यापारी भेटला. पहिले चाळीस पडदे तो कर्णबधिर मुलांच्या शाळांना फुकट द्यायला तयार होता, पुढचे विकणार होता. त्याची अट एकच: पडद्याच्या आतला त्याचा स्वतःचा प्रोग्रॅम तो कुणाला उघडून दाखवणार नव्हता. त्याचे पोटच त्यावर होते, तेव्हा त्यात गैर काही नव्हते. घोडे अडले ते शिष्याच्या बाजूने. पंख्यांच्या घरघरीतून बाईंचा आवाज वेगळा काढायला त्याने एक लायब्ररी वापरली होती. लायब्ररी म्हणजे कुणीतरी लिहून जगासाठी ठेवलेला, आपल्या कामात आयता जोडता येणारा प्रोग्रॅमचा तुकडा. तिच्या परवान्यात, म्हणजे वापराच्या लेखी अटींत, स्पष्ट म्हटले होते, की मला ज्यात मिसळाल ते सगळे माझ्यासारखेच खुले करा. या दोन अटींचे एकत्र जमणे शक्य नव्हते. हे ध्यानात आले तो दिवस मंगळवारचा होता आणि येत्या सोमवारी पडदे कारखान्यात तयार व्हायला लागणार होते.

शिष्याने तीन दिवस पर्याय धुंडाळले. एका लायब्ररीचा परवाना जुळत होता, पण ती इतकी मंद, की बाईंचे दुसरे वाक्य सुरू झाले तरी पहिल्याची अक्षरे येत नसत. दुसरी चपळ होती, पण विकाऊ वस्तूत वापरायला तिथे मनाई होती. फुकट द्यायचे तर सरळ द्यावे, हे कसले नखरे, असे तो चिडून पुटपुटला. शुक्रवारी दुपारी तिसरी सापडली. छोटी, झपाट्याने चालणारी, आणि तिच्यात परवान्याची फाइलच नव्हती. अटच नाही म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने ती जोडली, माडीवरचा पंखा पूर्ण वेगाने सोडला, आणि प्रोग्रॅमने एकही शब्द चुकवला नाही.

तो धावत गुरुजींकडे गेला. गुरुजींनी चष्मा पुसला, त्या लायब्ररीतल्या फाइलींची यादी वरपासून खालपर्यंत वाचली, आणि शिष्याच्या प्रोग्रॅममधली ती जोडणारी ओळ खोडून टाकली. पुढच्या क्षणी चाचणीसाठी आणलेला पडदा कोरा झाला.

शिष्याला रडूच कोसळायचे बाकी होते. तो म्हणाला, "गुरुजी, वापरू नका असं तिथं कुठंच लिहिलेलं नाही."

"वापरा, असं तरी कुठं लिहिलंय?" गुरुजी म्हणाले. "ज्यांनी अटी लिहिल्या, त्यांच्यावर तू तीन दिवस चिडलास. अरे, त्या माणसांनी तुझा विचार केला होता. कुणी अनोळखी येईल, त्याला आधीच कळावं काय चालेल आणि काय नाही, म्हणून त्यांनी बसून ते लिहून ठेवलं. इथं काहीच लिहिलेलं नाही, आणि कायद्याच्या लेखी ते न लिहिणं म्हणजे नकार. उद्या हरकत आली तर चाळीस वर्गांतले पडदे उतरवावे लागतील, तुझ्या बहिणीच्या वर्गातलासुद्धा. पण लिहिणारा माणूस नाही म्हणालाय, असंही नाही. त्याला विचार की."

शिष्य म्हणाला, की त्या लायब्ररीच्या इंटरनेटवरच्या पानाला सहा वर्षांत कुणी हात लावलेला नाही आणि हाताशी दोन-तीन दिवस आहेत. मग लवकर लिही, एवढेच गुरुजी म्हणाले. पहिले पत्र मात्र त्यांनी परत केले. त्यात तातडी होती, विनंती होती, चालतील त्या परवान्यांची नावेही होती. "या कामानं तुझं काय भलं केलं, ते कुठाय?" असे विचारून ते चहा टाकायला उठले. शिष्याने पुन्हा लिहायला घेतले. पंख्याबद्दल लिहिले, फळ्याकडे वळणाऱ्या बाईंबद्दल लिहिले, बहिणीबद्दल लिहिले. लिहिता लिहिता त्याच्या ध्यानात आले, की कुणाचे तरी एवढे कष्ट आपण एका दुपारी उचलून आणले आणि त्या माणसाचे नावसुद्धा पाहिले नाही. त्याला स्वतःचीच लाज वाटली. नाव होते हेल्वी साल्मेला.

रविवारी सकाळी उत्तर आले. हेल्वीबाई फिनलंडजवळच्या एका बेटावर राहत होत्या. समुद्रावरच्या वाऱ्यातून पक्ष्यांचे आवाज वेगळे काढता यावेत म्हणून त्यांनी ती लायब्ररी लिहिली होती. "सहा वर्षांत कुणी काही कळवलं नाही, तेव्हा वाटलं, हे कुणाच्याच उपयोगाचं नसावं. परवाना घालायचा राहूनच गेला होता, तो आज घातला. तुम्ही वापरा, तुमच्या व्यापाऱ्यालाही वापरू द्या. फक्त माझं नाव सोबत असू द्या."

शिष्याने हे गुरुजींना वाचून दाखवले. खोडलेली ओळ त्याने पुन्हा लिहिली. पडद्यासोबतच्या माहितीपत्रकात ते नाव छापायचे व्यापाऱ्यानेही आनंदाने कबूल केले.

बहिणीच्या वर्गात पडदा लागला, त्या दिवशी गुरू-शिष्य मागच्या बाकावर बसले होते. बाई बोलता बोलता फळ्याकडे वळल्या. बहिणीने पडद्याकडे पाहिले आणि तिची पेन्सिल चालतच राहिली.

तास संपल्यावर तिने माहितीपत्रकातल्या नावावर बोट ठेवून, हे कोण, असे खुणेने विचारले. भावाने हातांनी सारी हकीकत सांगितली, पण नाव मात्र एकेक अक्षर बोटांवर जुळवावे लागले. कर्णबधिर मुलांमध्ये एक रीत आहे. ज्याला आपले मानले, त्याचे नाव ती दर वेळी अक्षरे जुळवून सांगत नाहीत. त्याला त्याची स्वतःची एक खूण देतात. बहिणीने थोडा विचार केला, मग दोन बोटांची चोच करून ती कानाजवळ उघडली आणि मिटली. शेजारच्या मैत्रिणींनी तशीच चोच करून पाहिली. मागच्या बाकावर गुरुजींनीही केली.

त्या संध्याकाळी शिष्याने आणखी एक पत्र लिहिले. ज्या पहिल्या लायब्ररीची अट जमली नव्हती, तिच्या लेखकाला. आता मागायचे काहीच नव्हते. वर्षभर माझे काम तुमच्या कामावर उभे होते, आभार मानायचे राहून गेले होते, एवढेच त्यात होते.